बर्लिनच्या दोन संस्था आणि कर्वे घराण्यातील दोन लेखक : नाझी राजवटीतील समलिंगी व कृष्णवर्णीयांच्या छळाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

नाझी राजवट म्हटली की मराठी वाचकाच्या मनात प्रथम उभा राहतो तो ज्यूंचा संहार. साठ लाख ज्यूंची योजनापूर्वक हत्या हा त्या राजवटीचा केंद्रवर्ती गुन्हा असल्याने ते स्वाभाविकच आहे. वि. ग. कानिटकर यांच्या 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' या ग्रंथाने आणि अ‍ॅन फ्रँकच्या डायरीच्या अनुवादांनी हा इतिहास मराठी घरांत पोहोचवला. मात्र त्याच राजवटीने आणखी काही समूहांना समाजातून खुडून काढण्याचा उद्योग आरंभला होता. त्यांत समलिंगी पुरुष होते, तसेच जर्मनीतच जन्मलेली कृष्णवर्णीय मुलेही होती. या दोन समूहांचा छळ आणि त्यांतून वाचलेल्यांचे लेखन यांची चर्चा मराठी समीक्षेत क्वचितच होते.

या विषयाचा मराठी साहित्याशी संबंध काय, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. संबंध आहे, आणि तो दूरचा नाही. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये दोन संस्था कार्यरत होत्या. एक होती माग्नुस हिर्शफेल्ड यांची लैंगिक विज्ञान संस्था. दुसरी, ऑयगेन फिशर यांच्या संचालकत्वाखालील कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था. नाझींनी पहिली जाळली आणि दुसरी जोपासली. पहिल्या संस्थेच्या विचाराशी नाते सांगणारे नियतकालिक मुंबईतून मराठीत निघत होते : र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य'. दुसऱ्या संस्थेत पुण्याची एक विद्यार्थिनी पदवीसाठी कवट्या मोजत होती : इरावती कर्वे. र. धों.चे सावत्र धाकटे बंधू दिनकर हे इरावतीबाईंचे पती. म्हणजे हे दोघे नात्याने दीर-भावजय होते. मराठी समीक्षेने एकाला समाजसुधारणेच्या आणि दुसरीला ललितलेखनाच्या कप्प्यात ठेवले. बर्लिनच्या पार्श्वभूमीवर दोघांना शेजारी ठेवून वाचण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन संस्था, दोन नियती

हिर्शफेल्ड यांनी १९१९ मध्ये आपली संस्था स्थापन केली. समलिंगी असणे हा गुन्हाही नाही व अधःपातही नाही, ही त्यांची भूमिका होती. जर्मन दंडसंहितेतील कलम १७५ रद्द व्हावे यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. १९३१ मध्ये जगप्रवासाच्या ओघात ते भारतातही येऊन गेले; त्या प्रवासानंतर मात्र ते मायदेशी परतू शकले नाहीत. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी त्यांची संस्था लुटली आणि १० मे रोजी तेथील ग्रंथसंग्रह बर्लिनच्या चौकात जाळला. आपल्या आयुष्यभराच्या कामाची होळी हिर्शफेल्ड यांना पॅरिसच्या एका चित्रपटगृहात वृत्तपटात पाहावी लागली. १९३५ मध्ये नीस येथे त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी कलम १७५ अधिक कठोर करण्यात आले. १९३६ मध्ये समलिंगी संबंध व गर्भपात यांच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र मध्यवर्ती कार्यालय उघडले गेले. नाझी काळात या कलमाखाली सुमारे एक लाख पुरुषांना अटक झाली व सुमारे पन्नास हजारांना शिक्षा झाल्या. पाच ते पंधरा हजार जणांची रवानगी छळछावण्यांत झाली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. छावणीत त्यांच्या कपड्यावर गुलाबी त्रिकोण शिवला जाई. स्त्रिया कलम १७५ च्या कक्षेत नव्हत्या. जर्मनीने गिळंकृत केलेल्या ऑस्ट्रियातील कायदा मात्र स्त्रियांनाही लागू होता.

फिशर यांची वाट वेगळी होती. १९०८ मध्ये त्यांनी जर्मनीच्या नैर्ऋत्य आफ्रिकेतील वसाहतीत जाऊन मिश्र वंशाच्या रेहोबोथ समाजाची मोजमापे घेतली आणि त्यांवरून वंशमिश्रणाविरुद्ध निष्कर्ष काढले. १९२७ मध्ये ते बर्लिनच्या नव्या संस्थेचे संचालक झाले, १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू. पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाइनलंड प्रदेशावर फ्रेंच सैन्याचा ताबा होता. त्या सैन्यातील आफ्रिकी शिपाई आणि जर्मन स्त्रिया यांना झालेल्या मुलांविरुद्ध जर्मनीत आधीपासूनच विषारी प्रचार चालू होता. सत्तेवर येताच नाझींनी या मुलांची नोंद करवली. फिशर यांच्या संस्थेतील वोल्फगांग आबेल याने त्यांपैकी काहींची तपासणी करून प्रतिकूल अहवाल दिला. १९३३च्या निर्बीजीकरण कायद्यात वंशाच्या कारणावरून शस्त्रक्रियेची तरतूद नव्हती. म्हणून १९३७ मध्ये गेस्टापोने हे काम कायद्याला बगल देऊन, गुप्तपणे उरकले. किमान ३८५ मुलामुलींचे निर्बीजीकरण झाले. वसाहतीत सुरू झालेली मोजपट्टी अशा रीतीने मायदेशातील शाळकरी मुलांपर्यंत पोहोचली.

'समाजस्वास्थ्य' : यादी आणि पत्र

र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' जुलै १९२७ मध्ये सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते जवळजवळ एकहाती चालवले. त्याची चर्चा बहुधा संततिनियमनाच्या अंगाने होते. वाङ्मयीन दृष्टीने मात्र त्यातील वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे अधिक लक्षणीय आहेत. त्या काळचे मराठी निबंधगद्य संस्कृतप्रचुर व आलंकारिक वळणाचे असताना कर्वे यांचे गद्य कोरडे, नेमके आणि आडपडदा न ठेवणारे आहे. त्यात उपदेश नाही आणि चुचकारणेही नाही. विचारणाऱ्याला त्याच्या वागण्याबद्दल लाजवायचे नाही, हा त्या गद्याचा अलिखित नियम दिसतो.

याच उत्तरांवरून १९३४ मध्ये कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. आक्षेपार्ह मानल्या गेलेल्या मजकुरात समलिंगी संबंधांविषयीच्या शंकांचे उत्तरही होते. कर्वे यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही आणि लोकांच्या शंकांना ज्ञानानेच उत्तर दिले पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला, कर्वे यांना दंड झाला. अजित दळवी यांच्या 'समाजस्वास्थ्य' या नाटकाने हा प्रसंग अलीकडच्या प्रेक्षकांसमोर पुन्हा आणला.

या घटनेचे साल महत्त्वाचे आहे. १९३४च्याच ऑक्टोबरमध्ये गेस्टापोने जर्मनीभरच्या पोलिसांकडून समलिंगी पुरुषांच्या याद्या मागवल्या. यादी काय करू शकते, हे फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील प्येर सील यांच्या आत्मकथनावरून कळते. किशोरवयात त्यांचे घड्याळ चोरीला गेले. तक्रार नोंदवायला ते पोलीस ठाण्यात गेले. चोरीचे ठिकाण समलिंगी पुरुषांच्या वावराचे म्हणून ओळखले जात असल्याने तक्रारदाराचेच नाव एका वहीत गेले. जर्मनांनी प्रांत ताब्यात घेतल्यावर ती नोंद त्यांच्या हाती पडली आणि १९४१ मध्ये सतरा वर्षांच्या सील यांना शिर्मेक छावणीत नेण्यात आले. तेथे त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या प्रियकराला कुत्र्यांकरवी मारण्यात आले.

यादी आणि पत्र या माणसाची नोंद करण्याच्या दोन रीती होत. यादीत नाव असते पण आवाज नसतो. पत्रात आवाज असतो, नाव दुय्यम ठरते. 'समाजस्वास्थ्य'ने मराठीत अशा आवाजाला जागा दिली, हे त्याचे वाङ्मयीन मोल आहे. ब्रिटिश राज्यात कर्वे यांना दंड झाला. नाझी राज्यात त्यांच्यासारख्याचे काय झाले असते, ते हिर्शफेल्ड यांच्या ग्रंथसंग्रहाच्या राखेवरून समजते. तरीही येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जगभरच्या संततिनियमन-चळवळीत त्या काळी सुप्रजाजननाचा विचार मिसळलेला होता आणि 'समाजस्वास्थ्य' त्याच हवेत वाढले. 'समाजाचे स्वास्थ्य' हा शब्दप्रयोग समाजाला शरीर मानतो. शरीर म्हटले की रोगट अवयव छाटण्याची भाषा फार दूर राहत नाही. कर्वे यांचे गद्य त्या टोकाला न जाता विचारणाऱ्या व्यक्तीपाशी थांबते, कारण त्याचा रोख व्यक्तीच्या सुखाकडे आहे. हा फरक शैलीतून दिसतो. तो केवळ मतांच्या यादीतून दिसणार नाही.

इरावती कर्वे : कवटी आणि खांडववन

इरावतीबाईंनी फिशर यांच्या संस्थेत मानवी कवटीच्या असमरूपतेवर प्रबंध लिहिला. युरोपीय माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू विशिष्ट प्रकारे असमान असते आणि त्याचा त्याच्या बौद्धिक श्रेष्ठतेशी संबंध आहे, अशी फिशर यांची धारणा होती. सुमारे दीडशे कवट्या मोजल्यावर इरावतीबाईंना असा वंशनिहाय फरक आढळला नाही, आणि तसे त्यांनी लिहिले. परदेशी विद्यार्थिनीने मार्गदर्शकाच्या लाडक्या सिद्धान्ताविरुद्ध निष्कर्ष मांडणे सोपे नव्हते. अलीकडे उर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रामुळे हा अध्याय पुन्हा चर्चेत आला आहे.

या प्रसंगावरून इरावतीबाईंची वीरगाथा रचण्याचा मोह टाळावा लागतो. त्यांनी मोजपट्टी टाकून दिली नाही. मायदेशी परतल्यावर, पुढे डेक्कन कॉलेजमध्ये काम करतानाही, महाराष्ट्रातील जातीजमातींची शारीरिक मोजमापे त्या घेत राहिल्या. ज्या ज्ञानशाखेने ऱ्हाइनलंडच्या मुलांवर शिक्का मारला, तिचीच साधने त्यांच्या हातात होती. फरक उपयोगात होता. 'हिंदू समाज एक दुभंगलेला एकजिनसी देह' ही समजूत खोडण्यासाठी, एकाच दर्जाचे मानले जाणारे गट परस्परांपासून किती भिन्न आहेत हे दाखवण्यासाठी त्यांनी मोजमापे वापरली. तरीही माणसाला गटाचा नमुना म्हणून पाहण्याची सवय त्या साधनातच दडलेली असते. तिच्यावरचा उतारा त्यांच्या ललितलेखनात सापडतो. 'वाटचाल'मध्ये पंढरीच्या वाटेवर एकाच दिंडीत जातीनुसार वेगळ्या होणाऱ्या पंगतींची खंत त्या नोंदवतात, तेव्हा मोजणारा डोळा आणि दुखावलेले मन एकाच वाक्यात वावरत असतात.

या दृष्टीने १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'युगान्त'मधील 'मयसभा' हे प्रकरण महत्त्वाचे ठरते. परंपरेत खांडववनदाह ही अग्नीला तृप्त करणारी पराक्रमगाथा आहे. इरावतीबाई तिच्यातील देवत्व बाजूला सारून पुरावा वाचतात : रान चहूबाजूंनी पेटवले, बाहेर पडू पाहणाऱ्याला मारले, नागांचे कुळ संपवण्याचा घाट घातला. यामागे भूमीची हाव होती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपल्या ग्रंथाच्या स्वतः सिद्ध केलेल्या इंग्रजी रूपात तर त्या येथे थेट हिटलरचे नाव घेतात आणि एखादे लोक समूळ नष्ट करण्याचा बेत जसा त्याचा फसला तसा पांडवांचाही फसला, असे सुचवतात. बर्लिनमध्ये शिकलेल्या लेखिकेच्या लेखणीतून आलेली ही तुलना सहज आलेली उपमा मानता येणार नाही. कवट्यांच्या प्रबंधातील शिस्तच येथे ग्रंथाच्या नायकांविरुद्ध वापरलेली दिसते : आवडत्या सिद्धान्तापेक्षा पुरावा मोठा, मग तो सिद्धान्त गुरूचा असो की परंपरेचा.

ऱ्हाइनलंडच्या मुलांविषयी इरावतीबाईंनी का लिहिले नाही, हा प्रश्न अन्यायाचा ठरेल. त्या परतल्यानंतर सात वर्षांनी ते निर्बीजीकरण झाले, तेही गुप्तपणे. जर्मन इतिहासकार रायनर पोमेरिन यांचा त्यावरचा ग्रंथ १९७९चा, तर इरावतीबाईंचे निधन १९७०चे. हा जोड लावण्याचे काम नंतरच्या वाचकाचे आहे.

वाचलेल्यांचे लेखन आणि मयासुर

महाभारतानुसार खांडववनातून सहाच जीव वाचले : अश्वसेन नाग, मयासुर आणि चार शार्ङ्गक पक्षी. त्यांपैकी मयाने जीवदानाच्या बदल्यात पांडवांसाठी अद्भुत सभा उभारली. वाचलेल्याचे कौशल्य विजेत्याच्या वैभवासाठी राबले. इरावतीबाईंच्या प्रकरणाचे शीर्षक याच सभेवरून आहे, आणि नाझी काळातून वाचलेल्यांचे लेखन समजून घेण्यास ती प्रतिमा उपयोगी पडते.

कॅमेरूनहून आलेल्या वडिलांचा मुलगा थिओडोर मिशाएल १९२५ मध्ये बर्लिनमध्ये जन्मला. लहानपणी त्याला 'मानवी प्रदर्शनां'त उभे करण्यात आले. नाझी काळात कृष्णवर्णीयांना इतर कामे बंद होत असताना वसाहतींची थोरवी गाणाऱ्या चित्रपटांना मात्र 'आफ्रिकी' चेहरे हवे होते. त्या चित्रपटांत किरकोळ भूमिका करून तो जगला. पुढे त्याला सक्तीच्या मजुरीवर जावे लागले. ज्यांनी त्याला माणूस मानले नाही, त्यांच्याच मयसभेत त्याने काम केले. त्याचे आत्मकथन २०१३ मध्ये आले. हॅम्बुर्गमध्ये वाढलेल्या हान्स मासाक्वॉय याच्या १९९९च्या आत्मकथनात आणखी एक विसंगती आहे : भोवतालच्या मुलांप्रमाणे त्यालाही लहानपणी स्वस्तिकाचे आकर्षण वाटले होते. वगळले जाण्याचे दुःख कळण्याआधी सामील होण्याची ओढ असते, हे तो लपवत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला असे जगणे आले नाही. दार-एस-सलाममध्ये जन्मलेले, जर्मन वसाहती सैन्यात सेवा केलेले बायुमे मोहम्मद हुसेन हेही चित्रपटांत झळकले होते. १९४४ मध्ये साक्सेनहाउझेन छावणीत त्यांचा मृत्यू झाला.

गुलाबी त्रिकोणवाल्यांच्या बाबतीत तर मुक्तीचा अर्थच बदलतो. १९४५ मध्ये छावण्या उघडल्या, पण कलम १७५ राहिले. पश्चिम जर्मनीत नाझींनी कठोर केलेले त्याचे रूप १९६९ पर्यंत कायम होते. कलम पूर्णपणे रद्द झाले १९९४ मध्ये. साक्सेनहाउझेन व फ्लोसेनबुर्ग येथून वाचलेल्या व्हिएन्नाच्या योझेफ कोहूट यांना नुकसानभरपाई नाकारण्यात आली, कारण कायद्याच्या लेखी ते गुन्हेगारच होते. १९७२ मध्ये त्यांची कहाणी हाइन्त्स हेगर या टोपणनावाखाली प्रसिद्ध झाली. सील यांनी १९८२ पर्यंत मौन पाळले. नाझीकालीन शिक्षा जर्मन संसदेने २००२ मध्ये रद्द केल्या, युद्धोत्तर शिक्षा २०१७ मध्ये. या आत्मकथनांची तुटक, दचकणारी, वारंवार मागे वळणारी शैली या उशिराशी निगडित आहे. साक्ष द्यावी तर कबुलीजबाब ठरेल, अशा स्थितीत ती घडली आहे.

शिरूर-दौंडच्या वाचकाचा संदर्भ

तळेगाव ढमढेरे परिसरातील वर्गात हे साहित्य शिकवताना एक साल फळ्यावर लिहावेच लागते : १८७१. कलम १७५ ज्या जर्मन दंडसंहितेत होते ती १८७१ची. भारतातील गुन्हेगार जमाती कायदाही १८७१चाच. त्या कायद्याच्या एका भागात संपूर्ण जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले होते, तर दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. म्हणजे जात व लिंगभाव या दोन्हींवरून संशयितांच्या याद्या एकाच कायद्याने मागितल्या. १९११च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली. शिरूर, दौंड, श्रीगोंदा या पट्ट्यातील पारधी वस्त्यांना 'हजेरी' हा शब्द शाळेतला म्हणून नव्हे, तर पोलीस ठाण्यातला म्हणून आधी परिचित झाला. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला व 'विमुक्त' हे नाव मिळाले. १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला आणि संशय टिकून राहिला. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'त मुक्तीनंतरही न सुटलेल्या या हजेरीचे दर्शन घडते. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील विमुक्तांवरचा 'सराईत' हा शिक्का सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये.

दोन इतिहास सारखे आहेत असा दावा येथे नाही. वसाहती कायद्याने माणसांना बांधले, राबवले. छळछावण्यांत माणसे मारली गेली. हा भेद पुसणे दोन्ही बळींवर अन्याय करणारे ठरेल. सारखी आहे ती पहिली पायरी : माणसाने काय केले ते न पाहता तो कोण आहे याची नोंद करणे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ हे १८६०चे. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते निष्प्रभ झाले ६ सप्टेंबर २०१८ रोजी. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' किंवा सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' वाचताना ही कालरेषा वाचकाच्या मनात असेल, तर पात्रांचे मौन ही केवळ स्वभावरेखा राहत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. नाझी राजवटीतील समलिंगी व कृष्णवर्णीयांच्या छळाचा इतिहास मराठी वाङ्मयाला परका नाही; कर्वे घराण्यातील दोन लेखकांमुळे तो मराठी गद्याच्या जडणघडणीशी जोडलेला आहे.

२. 'समाजस्वास्थ्य'चे वाङ्मयीन महत्त्व केवळ त्यातील मतांत नाही. माणसाला यादीतून काढून पत्रात आणणाऱ्या, न लाजवणाऱ्या गद्यात ते आहे.

३. 'युगान्त'मधील खांडववनाची चिकित्सा ही बर्लिनमधील प्रबंधाशी नाते सांगणारी, पुराव्याला परंपरेपेक्षा वरचे स्थान देणारी चिकित्सा आहे. मात्र त्यांच्या शास्त्रीय लेखनातील मोजमापाच्या मर्यादाही त्याच निकषाने तपासल्या पाहिजेत.

४. वाचलेल्यांची आत्मकथने 'शौर्या'च्या कसोटीवर वाचणे अपुरे आहे. जगण्यासाठी मयसभा बांधावी लागणे आणि मुक्तीनंतरही गुन्हेगार राहणे, या दोन अनुभवांनी त्यांची भाषा घडली आहे.

महाविद्यालयीन अध्यापनात र. धों. कर्वे वैचारिक गद्याच्या तासाला येतात आणि इरावती कर्वे ललितगद्याच्या. हे दोन तास एकदा तरी जोडून घेतले, तर मागच्या बाकावर बसलेल्या, ज्याच्या आजोबांनी ठाण्यात हजेरी दिली त्या विद्यार्थ्याला, आणि ज्याला स्वतःविषयी कुणाला काही सांगता आलेले नाही त्या विद्यार्थ्यालाही, खांडववनाची गोष्ट कोणाच्या बाजूने वाचायची असते हे वेगळे सांगावे लागणार नाही.